दोनदा पॉझिटिव्ह

नागपूरच्या मेडिकल चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी माझ्या कागदांची वाट बघत उभा होतो. शेजारी भिवापूरकडचे एक काकाजी होते. खांद्यावर दुपट्टा, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली जाड फाईल आणि डाव्या मुठीत रुमालाची घट्ट मारलेली एक गाठ. दुकानदाराला कागद देतानाही त्यांनी ती मूठ उघडली नाही. झेरॉक्स झाल्यावर त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"भाऊ, हे इंग्रजी वाचता येते का जी? डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं, पन आमच्या ध्यानात नाही रायलं. माही मंडळी दोनदा पॉझिटिव्ह आली जी."

कागदावर कामाच्या ओळी तीनच होत्या. ईआर पॉझिटिव्ह. पीआर पॉझिटिव्ह. हर-टू दोन प्लस. कोरोनाच्या दोन वर्षांनी गावोगावच्या माणसांना एक गोष्ट पक्की शिकवून ठेवली आहे: पॉझिटिव्ह म्हणजे सापडलो, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. काकाजींनी तोच हिशेब इथे लावला होता. आधीच कॅन्सर, त्यात दोनदा पॉझिटिव्ह. रात्रभर त्यांनी घरी कोणाला फोनही केला नव्हता.

खरं तर त्या दोन ओळी त्या कागदावरची त्यातल्या त्यात बरी बातमी होती. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. स्तनाच्या काही गाठींच्या पेशींमध्ये बाईच्या शरीरातली ही संप्रेरकं धरून घेणाऱ्या जागा असतात आणि त्या गाठी त्यांच्यावर पोसतात. तशा जागा सापडल्या की 'पॉझिटिव्ह' लिहितात. याचा सरळ अर्थ, या गाठीचा दाणापाणी गोळीनं तोडता येतो. टॅमॉक्सिफेन ती जागा अडवून बसतं, लेट्रोझोल पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन तयारच फारसं होऊ देत नाही. रोज एक गोळी, किमान पाच वर्षं, काहींना दहा. ईआर निगेटिव्ह आलं असतं तर हा रस्ता बंद झाला असता.

मी एवढं सांगितलं. काकाजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हंजे गोळी हाये."

हो. गोळी आहे.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही. कॅन्सरच्या फाईलमधला प्रत्येक शब्द कुठल्या तरी एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर असतो. प्रश्न ठाऊक नसला की माणूस उत्तराला आपल्या मनातला प्रश्न जोडतो, आणि त्याच्या मनात प्रश्न एकच असतो: वाचणार की नाही? मग 'पॉझिटिव्ह' असो, 'ग्रेड टू' असो की 'प्रोग्रेशन' असो, सगळ्या शब्दांतून तो तेवढंच वाचू पाहतो. तो शब्द मात्र दुसरंच काही सांगत असतो.

मी स्वतः याच खड्ड्यात पडलेलो आहे. माझ्या आत्याच्या मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी 'बायरॅड्स ४' असं छापलेलं होतं. मी ते वाचलं 'चौथी स्टेज'. दोन रात्री आम्ही कोणी झोपलो नाही. बायरॅड्स हा फोटो बघणाऱ्या डॉक्टरच्या संशयाचा आकडा आहे, शून्य ते सहा. चार म्हणजे 'मला संशय येतोय, तुकडा काढून तपासा'. त्या चारमध्येही अ, ब, क असे पोटभाग असतात आणि कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोनपासून पंचाण्णवपर्यंत कुठेही असू शकते. स्टेज ठरायला आधी रोग आहे हे तरी सिद्ध व्हावं लागतं. बायरॅड्स त्याच्या पुष्कळ आधीची पायरी आहे. आत्याची गाठ साधी निघाली. पण त्या दोन रात्री तिला कोणी परत देणार नाही, आणि त्या मी चुकीच्या वाचनानं तिच्यावर लादल्या हे मला अजून बोचतं.

या रोगाचं नावच मुळात दिसण्यावरून पडलं. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत गाठीला 'कार्किनोस' म्हणजे खेकडा म्हटलं गेलं, गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाटतात म्हणून. रोमन लेखक सेल्ससनं त्याचं लॅटिनमध्ये 'कॅन्सर' केलं, आणि आपला 'कर्क' तोच खेकडा. सूज किंवा ओझं अशा अर्थाच्या 'ऑन्कोस' या ग्रीक शब्दावरून ऑन्कॉलॉजी आली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' आहे, आणि आधीच्या अर्बुदावर दुसरं उठलं तर त्याला 'अध्यर्बुद' असं वेगळं नावही आहे. बघणाऱ्यांनी किती बारकाईनं बघितलं होतं ते या एका शब्दात दिसतं.

नवे शब्द घडवण्याचा तर नागपूर हा एकेकाळचा कारखानाच होता. डॉ. रघुवीर १९४६ साली लाहोरहून आपली संस्था घेऊन इथे आले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारच्या पाठबळावर त्यांनी कारभार आणि विज्ञानासाठी संस्कृत धातूंवरून हजारो शब्द पाडले. पुढे महाराष्ट्रात भाषा संचालनालयानं परिभाषा कोश केले, मराठी विश्वकोशानं बायॉप्सीला 'जीवोतक परीक्षा' म्हटलं. त्या विद्वानांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण मानेवाडा रोडवरच्या किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत एक तास बसा, 'जीवोतक' एकदाही कानावर पडणार नाही. तिथे लोक म्हणतात 'तुकडा काढला', 'सुई मारून पाणी तपासलं', 'गालात चट्टा होता', 'लाईट घ्यायला सांगितली'. गडचिरोलीची गोंडी बोलणारी बाई, छिंदवाड्याचा हिंदी बोलणारा शेतकरी, गोंदियाचा मास्तर, सगळे त्याच बाकावर बसलेले असतात आणि याच दहा-बारा शब्दांवर भागवतात. शब्द इंग्रजी आहे की संस्कृत, यानं त्यांना काही फरक पडत नाही. तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे एवढं कोणी सांगितलं तर पडतो.

आता नागपुरात सगळ्यात जास्त उघडली जाते अशी एक फाईल घेऊ. गालाच्या आतला कॅन्सर. कारण सगळ्यांना माहीत आहे: खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून गालात धरायचा, दिवसातून दहा वेळा. १९८० पासून शहरात लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी चालू आहे आणि तिच्यात तोंडाचा कॅन्सर पुरुषांमध्ये पुढच्या रांगेत आहे. या फाईलमधला पहिला शोध बहुधा मराठीतच लागतो. डॉक्टर विचारतात, "तोंडात किती बोटं जातात?" निरोगी माणसाची तीन बोटं उभी जातात. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तीनाची दोन होतात, दोनाचं एक. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हा अजून कॅन्सर नाही, पण त्याच्या वाटेवरचा थांबा आहे. 'ल्युकोप्लाकिया' म्हणजे न पुसला जाणारा पांढरा चट्टा, तोही तसाच.

मग तुकडा जातो आणि रिपोर्ट येतो: मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी खवल्यांसारख्या चपट्या असतात, खवल्याला लॅटिनमध्ये 'स्क्वामा', म्हणून स्क्वॅमस. डिफरन्शिएटेड हा शब्द मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. या पेशी आपल्या मूळ घराण्याच्या वळणावर किती राहिल्या आहेत, एवढंच तो सांगतो. बऱ्याच अंशी वळणावर असतील तर 'वेल', मधल्या असतील तर 'मॉडरेटली', अगदीच बिघडलेल्या, कोणाच्या कोण ओळखू येऊ नये अशा असतील तर 'पुअरली'. यालाच ग्रेड म्हणतात. 'वेल' वाचून "म्हणजे बराच आहे ना?" असं विचारणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्या 'वेल'चा पेशंटच्या तब्येतीशी संबंध नाही. ग्रेड पेशीचा स्वभाव सांगते, स्टेज रोगाचा मुक्काम कुठवर पोचला ते सांगते. ग्रेड तीन आणि स्टेज एक एकाच माणसात असू शकतात.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, 'चाकू लागला की भडकतो', ही भीती विदर्भात घरोघर आहे आणि तिनं कितीतरी लोकांचे महिने खाल्ले आहेत. लोकांनी पाहिलेलं खोटं नाही, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. उशिरा आलेल्या माणसाचा रोग तुकडा काढल्यानंतरही वाढतो, कारण तो आधीपासूनच वाढत होता. नीट घेतलेल्या तुकड्याशिवाय गालातल्या जखमेचं नावच कळत नाही, आणि नाव कळल्याशिवाय कोणीही जबाबदार डॉक्टर जबड्याला हात लावत नाही.

यानंतर येतो तो गूढ वाटणारा आकडा: टी२ एन१ एम०. ही लिपी पिएर दनवा या फ्रेंच सर्जननं १९४३ ते १९५२ या काळात बसवली आणि आज जगभर तीच चालते, म्हणून नागपूरची फाईल मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये किंवा परदेशातही कोणी उघडली तरी तेच वाचलं जातं. टी म्हणजे मूळ गाठ केवढी आणि किती खोल. एन म्हणजे आसपासच्या लसीका ग्रंथींत, तोंडाच्या बाबतीत मानेतल्या गाठींत, पोचली का. एम म्हणजे दूर, फुप्फुसात, हाडात, यकृतात उडी मारली का. टी२ म्हणजे साधारण दोन ते चार सेंटिमीटर, खोली दहा मिलिमीटरच्या आत. एन१ म्हणजे त्याच बाजूला एकच ग्रंथी, तीन सेंटिमीटरपर्यंतची, रोग तिच्या आवरणाबाहेर न गेलेला. एम० म्हणजे दूर कुठे नाही. या तिन्ही अक्षरांची गोळाबेरीज केली की स्टेज निघते: तिसरी.

आणि 'चौथी'. हा आकडा घरात शिरला की चूल थंड होते. म्हणून इथे मला थांबायचं आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज एक नाही, तीन आहेत. गाठ जबड्याच्या हाडात शिरली पण मानेत काही नाही, दूर कुठेच काही नाही, तरी ती चौथी-अ होते. अशा माणसावर ऑपरेशन आणि नंतर लाईट, म्हणजे रेडिएशन, असे उपचार बरं करण्याच्याच हेतूनं केले जातात. चौथी-ब मध्ये रोग जवळच पण फार अवघड जागी पोचलेला असतो. दूर पसरलेली ती चौथी-क. स्तनाच्या कॅन्सरमध्ये चौथी म्हणजे दूर पसरलेलाच. थायरॉईडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये तर पंचावन्नच्या आतला माणूस असेल, तर रोग फुप्फुसात गेला तरी स्टेज दोनच्या वर चढत नाही, कारण त्या वयात तो रोग तसा वागत नाही. म्हणजे शेजारच्याच्या चौथीवरून आपल्या चौथीचा अंदाज बांधता येत नाही. 'चौथी' ऐकलं की लगेच विचारायचं: अ, ब की क? आणि हेतू बरं करण्याचा आहे का? एवढे दोन प्रश्न न विचारता माणसाला घरी घेऊन गेलेली कुटुंबं आहेत. त्यातली काही माणसं ऑपरेशनच्या टप्प्यातली होती.

ऑपरेशन झालं की फाईलमध्ये दुसरा, मोठा रिपोर्ट येतो. यात 'मार्जिन' हा शब्द शोधायचा. शेतकऱ्याला तो समजावायला मला एकच शब्द पुरेसा वाटतो: धुरा. वावरातलं गाजरगवत उपटताना दिसणाऱ्या रोपाशीच थांबलं तर पुढच्या पावसात ते पुन्हा येतं, म्हणून चांगल्या जमिनीचा पट्टाही खणून काढायचा. सर्जन गाठीभोवती निरोगी मांसाची कड ठेवून कापतो. पॅथॉलॉजीवाले त्या तुकड्याच्या बाहेरच्या कडेला शाई लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की कॅन्सर शाईपासून किती लांब थांबला आहे. तोंडात पाच मिलिमीटर किंवा जास्त अंतर असेल तर 'क्लिअर' मानतात, त्याहून कमी असेल तर 'क्लोज', शाईलाच टेकला असेल तर 'पॉझिटिव्ह'. इथे पॉझिटिव्ह म्हणजे खरोखरच धुऱ्यापर्यंत गवत आहे. काकाजींच्या कागदावरचा पॉझिटिव्ह आणि हा पॉझिटिव्ह, स्पेलिंग एक, अर्थाला मैलांचं अंतर.

त्याच पानावर '२/३४' असं काहीतरी असतं. ती तारीख नाही आणि गुणही नाहीत. मानेतून काढलेल्या चौतीस ग्रंथींपैकी दोनांत रोग सापडला. त्या दोनांच्या बाहेर तो फुटून आला असेल तर 'एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन' लिहितात, आणि ते किंवा पॉझिटिव्ह मार्जिन असेल तर नुसती लाईट न देता तिच्याबरोबर सिस्प्लॅटिनसारखी केमोही जोडतात. मुख्य उपचारानंतर जो उपचार जोडतात त्याला ॲडज्युव्हंट म्हणतात, आधी देतात त्याला निओॲडज्युव्हंट. शब्द अवघड, अर्थ एवढाच: नंतर आणि आधी.

लाईट, शेक, सिकाई, करंट. रेडिएशनला आपल्याकडे इतकी नावं आहेत आणि त्यातली बहुतेक फसवी आहेत. यात गरम काही लागत नाही, झटका बसत नाही, दुखत नाही. आपल्या भाषेतला ओळखीचा शब्दही असा चुकीच्या दिशेला नेऊ शकतो. 'करंट' ऐकून पहिल्या दिवशी थरथरत आत गेलेली माणसं बाहेर येऊन म्हणतात, काही झालंच नाही. त्रास होतो तो नंतर, दोन-तीन आठवड्यांनी, तोंड येतं, घास गिळवत नाही. मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात, लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावानं. ऑपरेशननंतर तोंडासाठी साधारण साठ ते सहासष्ट ग्रे, ते तीस ते तेहतीस हप्त्यांत, आठवड्यातून पाच दिवस. या हप्त्याला 'फ्रॅक्शन' म्हणतात. डॉक्टरसाठी हा भौतिकशास्त्राचा शब्द आहे. कुरखेड्याहून आलेल्या कुटुंबासाठी 'तीस फ्रॅक्शन' म्हणजे नागपुरात सहा आठवडे भाड्याची खोली किंवा धर्मशाळा, आणि तो धानाच्या रोवणीचा महिना असेल तर वावर कोण बघणार हा प्रश्न. तीस हा आकडा पहिल्याच दिवशी कळला तर काहीतरी व्यवस्था करता येते. पंधराव्या दिवशी कळला तर उपचार अर्धवट सुटतो. तसाच सरकारच्या जनआरोग्य योजनेच्या खिडकीवरचा 'प्री-ऑथ'. त्याचा अर्थ फक्त 'खर्चाची आधी मंजुरी' असा आहे. आरोग्यमित्र म्हणाला "प्री-ऑथ आलं नाही" तर पेशंटला नाकारलं असं नाही, कागद वाटेत आहे.

केमोच्या शब्दांतला एकच मी ठासून सांगेन. 'सायकल' बहुधा एकवीस दिवसांची. औषध दिल्यावर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या वेळी ताप शंभर पूर्णांक चार दशांश फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याचं नाव फेब्राइल न्यूट्रोपेनिया, आणि तो साधा ताप नसतो. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच सांगायचं, "केमो चालू आहे, ताप आला आहे." हे वाक्य मराठीत म्हटलं तरी चालतं. त्यानं जीव वाचतात.

पुढे स्कॅन होतात आणि तीन शब्द येतात. रिस्पॉन्स, स्टेबल, प्रोग्रेशन. प्रोग्रेस हा शब्द आपल्या डोक्यात शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून बसलेला आहे. 'प्रोग्रेसिव्ह डिसीज' वाचून एक मुलगा मला आनंदानं म्हणाला होता, "बाबांची प्रोग्रेस दिसतेय." त्याला सांगायला मला शब्द सुचेनात. प्रगती रोगाची होते आहे, असा त्याचा अर्थ. मोजायची रीतही ठरलेली आहे: ठरावीक गाठींच्या व्यासांची बेरीज तीस टक्क्यांनी घटली तर पार्शल रिस्पॉन्स, वीस टक्क्यांनी वाढली किंवा नवी गाठ उगवली तर प्रोग्रेशन, मधलं सगळं स्टेबल. स्टेबल ऐकून लोक निराश होतात, 'म्हणजे काही फायदा नाही'. पसरलेल्या रोगात स्टेबल हा बऱ्याचदा कष्टानं मिळवलेला विसावा असतो. आणि पेट स्कॅनमध्ये चमकलं ते सगळं कॅन्सर नसतं. पेट हे साखरेसारखा पदार्थ जास्त खाणाऱ्या जागा दाखवतं. टीबीची ग्रंथीही तशीच चमकते, आणि आपल्याकडे टीबीची काही कमी नाही.

आता 'पॅलिएटिव्ह'. हा शब्द उच्चारला की नातेवाईक फाईल बंद करतात. 'हात टेकले' असा त्याचा अर्थ झाला आहे. मूळ लॅटिन 'पॅलियम' म्हणजे अंगावर पांघरायचा झगा, आणि पांघरूण घालणं हाच अर्थ मला जवळचा वाटतो. दुखणं, मळमळ, श्वास, झोप, भीती, घरातली ओढाताण, या सगळ्यांवर उपचार. तो शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा नसतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण घेऊन केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचाराच्या जोडीला पॅलिएटिव्ह सेवा मिळाली त्यांचे दिवस अधिक बरे गेले, आणि ते जगलेही जास्त: मध्यक ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. म्हणून डॉक्टर जेव्हा 'पॅलिएटिव्ह टीमला भेटा' म्हणतात, तेव्हा जा.

मध्यक म्हणजे मीडियन. हा शब्दही नीट धरायला हवा, कारण 'डॉक्टरनं आठ महिने सांगितले' असं जे घरात बोललं जातं ते बहुतेक वेळा त्याचंच रूप असतं. मध्यक आठ महिने म्हणजे अर्धी माणसं आठ महिन्यांच्या आत गेली आणि अर्धी त्याहून जास्त जगली. त्या दुसऱ्या अर्ध्यातली काही खूप जास्त. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन जे गुल्ड यांना १९८२ साली पोटातला मेसोथेलिओमा झाला, मध्यक आठच महिने. त्यांनी आकडा नीट वाचला, आपण कुठल्या अर्ध्यात बसू शकतो याचा विचार केला, त्यावर १९८५ साली एक निबंध लिहिला आणि ते २००२ पर्यंत जगले. सगळे असे जगत नाहीत. पण आठ महिने ही कोणाची मुदत नसते. 'फाइव्ह इयर सर्व्हायव्हल'ही तसंच. पाच वर्षं हा मोजणीचा टप्पा आहे, पाच वर्षांनी पडदा पडतो असा त्याचा अर्थ नाही.

आणि हे सगळं कोणाला सांगायचं? आपल्याकडे पेशंट सोडून सगळ्यांना सांगतात. मुलगा डॉक्टरांच्या खोलीत आधी एकटा शिरतो आणि म्हणतो, "बाबांसमोर नाव घेऊ नका, ते खचतील." त्यामागची माया खरी आहे. पण ज्या इमारतीत बाबा रोज येतात तिच्यावर मोठ्या अक्षरांत कॅन्सर हॉस्पिटल लिहिलेलं असतं. त्यांना ठाऊक असतं, आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प राहतात. मग केमोच्या दहाव्या दिवशी ताप आला की 'जरा कणकण आहे' म्हणून पडून राहतात. ज्याच्या अंगात रोग आहे त्यालाच शब्द माहीत नसतील तर तो स्वतःची राखण कशी करणार?

मानेवाडा रोडवरचं हॉस्पिटल राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावानं आहे. महाराज स्वतः ११ ऑक्टोबर १९६८ ला याच रोगानं गेले. त्यांची ग्रामगीता खेड्यातल्या माणसाच्या बोलीत उतरली, म्हणून ती विदर्भातल्या घराघरांत वाचली जाते. त्यांच्या नावाच्या इमारतीत शिरणाऱ्या माणसाला आपला रिपोर्ट आपल्या बोलीत कळला पाहिजे असं मला फार वाटतं. काही डॉक्टर आणि नर्स ते करतातही. एका सिस्टरनं ग्लोव्हजच्या रिकाम्या पाकिटावर जबडा काढून, पेननं गाठ गोल करून, त्याभोवती दुसरा मोठा गोल ओढून मार्जिन समजावलेलं मी पाहिलं आहे. तीन मिनिटं लागली. त्या माणसानं ते पाकीट घडी करून खिशात ठेवलं.

काकाजींच्या कागदावरची तिसरी ओळ राहिली. हर-टू दोन प्लस. हर-टू हे पेशीवरचं एक प्रथिन, ते वाजवीपेक्षा जास्त असलं की गाठ जोरात वाढते, पण तिच्यासाठी ट्रास्टुझुमॅब नावाचं नेमकं औषध आहे. रंग देऊन तपासणी करतात. शून्य किंवा एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, आणि दोन प्लस म्हणजे या तपासणीवरून सांगता येत नाही. मग फिश नावाची तपासणी करून जनुकच मोजावं लागतं. ती दुसऱ्या लॅबमध्ये होते आणि तिला मूळ तुकडा लागतो.

"त्यासाठी तुम्हाला ब्लॉक आणायला सांगितलं असेल," मी म्हणालो.

तेव्हा काकाजींनी मूठ उघडली. रुमालाची गाठ सोडली तर आत एक छोटी प्लास्टिकची डबी, आणि डबीत नखाएवढ्या जाळीदार खाचेत पांढऱ्या मेणाची वडी, मधोमध मातकट रंगाचा एक ठिपका. आदल्या दिवशी लॅबनं त्यांच्या हातात दिलं होतं, "ब्लॉक आहे, सांभाळा" एवढंच सांगून. नेमकं काय आहे ते माहीत नसतानाही त्यांनी ते रात्रभर सांभाळलं होतं.

मी सांगितलं, तो ठिपका काकूंच्या गाठीचा तुकडा आहे, मेणात बसवलेला. तो वर्षानुवर्षं टिकतो. नवी तपासणी निघाली, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं झालं, तर पुन्हा सुई न मारता यातूनच पापुद्रा काढता येतो. काम झालं की लॅबकडून परत मागून घ्या, पावती जपा. मेण साधारण छपन्न ते साठ अंशांना वितळतं. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, म्हणून तेही सांगितलं: गाडीत ठेवू नका, उन्हात धरू नका.

काकाजींनी डबी पुन्हा रुमालात बांधली. दुकानदाराकडून पाण्याची बाटली मागितली, रुमालाचं एक टोक भिजवून डबीभोवती गुंडाळलं आणि मूठ मिटून उन्हात उतरण्याआधी विचारलं, "लॅब कोनत्या बाजूनं जी?"